माझाच शोधनिबंध, कुलूप त्यांचं

तरोटा | मंगळवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

मी अमरावती जिल्ह्यातल्या एका अनुदानित कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. मागच्या आठवड्यात एमएस्सीची एक मुलगी आली. मेळघाटातली, घरी कोरकू बोलतात. तिला प्रकल्पाला रानभाज्यांचा विषय हवा होता. म्हटलं, माझा २०१४ चा पेपर आहे यावर, आधी तो वाच. तिने तिथल्या तिथे मोबाइलवर शोधला आणि फोन माझ्यापुढे धरला. वर माझं नाव, खाली सारांशाच्या सातआठ ओळी, त्याखाली निळं बटण. ३९.९५ डॉलर.

"मॅडम, तुम्हाला तर फुकट दिसत असेल ना?"

नाही दिसत. कॉलेजकडे त्या जर्नलची वर्गणी नाही. मला तेव्हा पाठवलेली पीडीएफ ज्या कॉम्प्युटरवर होती तो विभागाच्या भंगारात गेला. म्हणजे स्वतःचं लिहिलेलं वाचायला मीही तीन हजारांच्या वर रुपये मोजायचे.

आता हिशेब बघा. तीन पावसाळे धारणी आणि चिखलदरा तालुक्यातल्या गावांत फिरले, एसटीने आणि पुढे पायी. ज्या बायकांनी भाज्या ओळखून दाखवल्या त्यांनी एक रुपया घेतला नाही, वर तरोट्याची भाजी-भाकर खाऊ घातली. (आयडी तिथूनच आलाय.) फिरण्याचा खर्च यूजीसीच्या लघु संशोधन प्रकल्पातून, पगार महाराष्ट्र शासनाचा. पेपर तपासणारे दोघं परीक्षक, तेही बिनपैशाचे. प्रकाशकाने माझ्याकडून फक्त एक सही घेतली, स्वामित्वहक्क त्यांच्या नावे करून दिल्याची. मी तो कागद वाचलाही नव्हता. विदेशी जर्नलमध्ये नाव येणार या आनंदात होते.

पुढचा पेपर तरी सगळ्यांना वाचता यावा म्हणून चौकशी केली, तर खुलं प्रकाशन हवं असेल तर लेखकाने शुल्क भरायचं म्हणे. रुपयांत अडीच लाखांच्या आसपास. सूट मागितली. उत्तर आलं की सूट गरीब देशांना, भारत त्या यादीत नाही. देशाची अर्थव्यवस्था मोठी आहे ना! आमच्या विभागाची वर्षाची ग्रँट त्यांना कोण सांगणार.

तर प्रश्न असा, की माझा जुना पेपर त्या मुलीला कायदेशीर रस्त्याने देता येईल का? आणि पुढचा कुठे छापावा?

---

हिशेबी | मंगळवार, रात्री १०:०५

ताई, सहानुभूती आहे. पण सही तुम्हीच केलीत ना? प्रकाशकही धंदाच करतो. मांडणी, सर्व्हर, वाङ्मयचौर्य तपासणं, शंभर वर्षं जपून ठेवणं, हे फुकट होत नाही. वाचणाऱ्याने नाही दिले तर लिहिणाऱ्याने द्यायचे, नाहीतर सरकारने. चौथा खिसा मला तरी दिसत नाही.

---

पोस्टडॉक्टर_पोरगा | मंगळवार, रात्री १०:११

कावळ्याच्या चित्राची साइट ऐकली नाही का मॅडम? दोन मिनिटांचं काम.

---

संपादक मंडळ | मंगळवार, रात्री १०:३०

कृपया अशा साइटच्या लिंका इथे देऊ नयेत. एल्सव्हिअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी या प्रकाशकांनी डिसेंबर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला होता आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने सायहब, म्हणजे कुलपातले पेपर परवानगीविना फुकट देणारी ही साइट, भारतात बंद करायला सांगितलं आहे. चर्चा जरूर करा.

---

जुना_ग्रंथपाल | मंगळवार, रात्री ११:१५

तरोटाताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. बाकी रामायण नंतर.

तुमच्याकडे त्या लेखाची शेवटची वर्ड फाइल आहे का? परीक्षकांच्या सूचना घालून दुरुस्त केलेली, पण प्रकाशकाने सजवण्याआधीची. स्वामित्वहक्क दिला तरी ही "स्वीकृत प्रत" ठरावीक मुदतीनंतर, बहुतेक ठिकाणी बारा महिन्यांनी, संस्थेच्या किंवा सार्वजनिक संग्रहात ठेवायला पुष्कळ प्रकाशक परवानगी देतात. जर्नलचं नाव टाकून नियम बघता येतात, मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी बघून देतो. तुमच्याला आता दहा वर्षं उलटली, मुदत केव्हाच संपली असणार. याला हरित मार्ग म्हणतात. दमडी लागत नाही. लोकांना ठाऊक नसतो, कारण सांगण्यात कुणाचा फायदा नाही.

आता रामायण. १९९१ च्या जुलैत रुपयाचं अवमूल्यन झालं त्या वर्षी मी सहायक ग्रंथपाल होतो. जर्नलच्या किमती डॉलर-पौंडात, आमचं बजेट रुपयात. साहेबांनी यादी आणि लाल पेन हातात दिलं. भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख टेबलाच्या एका बाजूला, रसायनवाले दुसऱ्या बाजूला, मध्ये मी. शेवटी एक जर्नल "कोणी वाचत नाही" म्हणून खोडलं. दुसऱ्या दिवशी एक पीएचडीचा मुलगा येऊन म्हणाला, सर, मी वाचतो. तो चेहरा अजून आठवतो.

हिशेबीराव, धंद्याबद्दल तक्रार नाही. पण कच्चा माल फुकट, तपासणी फुकट आणि तयार माल कच्चा माल देणाऱ्यालाच विकायचा, असा दुसरा धंदा दाखवा. एल्सव्हिअरच्या पालक कंपनीचा या विभागातला नफा उत्पन्नाच्या ३७-३८ टक्के असतो. चांगला चाललेला किराणा दुकानदार हा आकडा ऐकून हातातला तराजू खाली ठेवेल.

---

हिशेबी | बुधवार, सकाळी ८:२०

तराजू आवडला. पण मग 'एक देश, एक वर्गणी' आलीय ना आता? सरकारने सगळ्यांसाठी एकगठ्ठा घेतलं. घाऊक खरेदीत भाव पडतो, हे तर बरंच झालं.

---

जुना_ग्रंथपाल | बुधवार, सकाळी ९:०२

बरंच झालं, अर्धं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. तीन वर्षांना ६,००० कोटी, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं, ६,३०० च्या वर संस्था. काम गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटकडे, म्हणजे यूजीसीच्या ग्रंथालय-जाळ्याच्या केंद्राकडे. ज्या सरकारी कॉलेजात एकही परदेशी जर्नल कधी आलं नव्हतं तिथली पोरं आज ते उघडून वाचताहेत, याचं मला मनापासून कौतुक आहे.

पण या संस्था कोणत्या? केंद्र किंवा राज्य सरकार चालवतं त्या. महाराष्ट्रात उच्चशिक्षण कुणी उभं केलं आठवा. रयत, विवेकानंद, शिवाजी, मराठवाड्यातल्या आणि विदर्भातल्या शिक्षण संस्था. पगार सरकारचा, व्यवस्थापन खाजगी. तरोटाताई, यादीत तुमचं कॉलेज आहे का?

दुसरं, हे भाड्याचं घर आहे. तीन वर्षांनी करार संपला की घरमालक भाडं काय सांगेल ते तेव्हा कळेल. सोडूनही जाता येत नाही, तोवर सगळ्यांना सवय झालेली असते.

---

तरोटा | बुधवार, सकाळी ९:४८

नाही काका, यादीत नाही आम्ही. आमच्याकडे एन-लिस्ट ही कॉलेजांसाठीची ई-जर्नल योजना आहे, पण त्यात माझं जर्नल नाही. पाच किलोमीटरवरच्या सरकारी तंत्रनिकेतनाचं नाव कदाचित असेल, म्हणजे रानभाज्यांचा पेपर मेकॅनिकलची मुलं वाचू शकतील. 😀

वर्ड फाइल शोधते.

---

कॅसग्रस्त | बुधवार, दुपारी १:३०

आयडीवरून ओळखलं असेल. पदोन्नतीसाठी, म्हणजे कॅससाठी, एपीआयचे, म्हणजे संशोधन-कामगिरीचे, गुण जमवणारा मी एक सामान्य प्राध्यापक. ताईंचं जर्नल पैसे मागून निदान खरं तरी होतं.

माझी गोष्ट ऐका. काही वर्षांपूर्वी फॉर्म भरायला आठवडा उरला होता आणि दोन पेपर कमी पडत होते. व्हॉट्सअॅपवर जाहिरात यायची, "आंतरराष्ट्रीय बहुविद्याशाखीय मासिक, आयएसएसएनसह" (म्हणजे नियतकालिकाच्या नोंदणी क्रमांकासह). रात्री दहाला लेख पाठवला, दुसऱ्या दिवशी दुपारी "परीक्षकांनी गौरवलेला" अशी मेल आली. अडीच हजार भरले, तिसऱ्या दिवशी छापून आला, सोबत बॉर्डरवालं प्रमाणपत्र. माझा लेख ग्रामीण पतपुरवठ्यावर, त्याच्या आधी मधमाश्यांवर, नंतर रामदासांच्या काव्यावर. अंकभर एकाने काही वाचलं असेल असं वाटलं नाही. तेही "मुक्त प्रवेश"च होतं बरं का! सगळ्यांना फुकट वाचता येत होतं, वाचण्यासारखं काही नव्हतं एवढंच.

लाज वाटते, म्हणून टोपणनावाने लिहितोय. पण मला एकट्याला हसू नका. यूजीसीने "मान्यताप्राप्त" म्हणून यादी काढली, त्यातल्या विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांची पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी छाननी केली. 'करंट सायन्स' या विज्ञान नियतकालिकात २०१८ ला आलं ते. ८८ टक्क्यांहून जास्त निकृष्ट. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने ४,३०५ नावं उडवली. मग यूजीसीचीच नवी केअर यादी आली, तीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. आता विद्यापीठांनी आपापलं बघायचं. आमच्याकडे बघायला एक समिती नेमलीय. समितीतल्या निम्म्यांचे पेपर माझ्याच मासिकात आहेत.

---

पोस्टडॉक्टर_पोरगा | बुधवार, दुपारी १:४१

शेवटच्या वाक्याला साष्टांग 🙏

---

ऱ्हाइनकाठचा | बुधवार, संध्याकाळी ५:१०

मूळचा नगरचा, सध्या जर्मनीत पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन. (वरच्या पोरग्याशी संबंध नाही.)

इथला अनुभव सांगतो, थोडा अपराधी वाटूनच. इथल्या विद्यापीठांनी एकत्र येऊन मोठ्या प्रकाशकांशी करार केलेत. वायलीशी २०१९, श्प्रिंगर नेचरशी २०२०. एल्सव्हिअरशी जमेना, तर मोठमोठ्या संस्थांनी त्यांच्याविना काही वर्षं काढली आणि २०२३ ला करार झाला. लेख स्वीकारला गेला की मी एका चौकटीत विद्यापीठाचं नाव निवडतो, लेख जगभर खुला. पैशांचा विषय आमच्या ग्रुपमध्ये निघतच नाही. किती लागले हे मला माहीत नसतं.

राहुरीला माझा एक मित्र आहे, डोक्याने माझ्यापेक्षा सरस. तो आणि मी एकाच जर्नलला लेख पाठवला तर माझा सगळ्यांना दिसणार, त्याचा कुलपात राहणार. मग संदर्भ कुणाचे दिले जाणार? 'नेचर' या जर्नलने २०२१ पासून खुल्या लेखाला ९,५०० युरो लावले. ते ऐकून तो म्हणाला, "एवढ्यात बापाने विहीर आणि पाइपलाइन दोन्ही केलं होतं."

आधी वाचणाऱ्याला दाराबाहेर ठेवायचे, आता लिहिणाऱ्याला. खुलेपणा वाढला हे खरं, पण दार कुठल्या बाजूने बंद आहे हे बघायला हवं.

---

डाळिंबवाला | बुधवार, रात्री ८:५५

मी प्राध्यापक नाही, सांगोल्याकडचा शेतकरी. चुकून धाग्यावर आलो अन् सगळा वाचला.

बागेवर तेल्या रोग आला की आम्ही आधी दुकानदाराला विचारतो, तो औषध विकतो. मी शिकलेला आहे, म्हणून म्हटलं शास्त्रज्ञ काय म्हणतात ते बघू. दर चार लेखांमागे दोनतीन बंद. पण कृषिकोश नावाची साइट सापडली, कृषी विद्यापीठांचे प्रबंध आहेत तिथे. इंग्रजी जड जातं, पण तक्ते समजतात. कोणत्या बहरात रोग किती, छाटणी केली तर किती, न करता किती. एक प्रबंध तर आमच्याच तालुक्यातल्या बागांवर निघाला! त्यातला छाटणीचा अन् कात्री निर्जंतुक करायचा भाग मराठीत लिहून गटावर टाकला. दोनशे लोकांनी पुढे पाठवला.

डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र सोलापुरात आहे, लोक भेटतात, बोलतात, तक्रार नाही. पण पेपरात काय आहे ते मला घरी बसून बघता आलं पाहिजे. रोग आमच्या बागेत, नमुने आमच्या बागेतून नेलेले.

---

जुना_ग्रंथपाल | बुधवार, रात्री ९:२०

दादा, तुम्ही माझ्या तीस वर्षांच्या नोकरीचं सार्थक केलंत.

---

परळचा_डॉक्टर | गुरुवार, सकाळी ७:०५

ओपीडीआधी घाईत लिहितोय. हिशेबीरावांचा चौथा खिसा आमच्या परळमध्येच आहे.

सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएमचं 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' १९५५ पासून निघतंय. चालवते तिथली स्टाफ सोसायटी. इंटरनेट आल्यावर त्यांनी अंक सरळ वेबवर खुला केला, वाचकाला फुकट. लेखकाकडूनही वर्षानुवर्षं शुल्क घेतलं नाही. छापील अंकाची वर्गणी, थोड्या जाहिराती आणि संपादकांनी वॉर्ड सांभाळून केलेलं काम, यावर गाडा चालला. सगळे म्हणायचे, फुकट वाचायला मिळालं तर वर्गणी कोण भरेल? उलट परदेशातून लेख यायला लागले. त्या तंत्रामागे मेडनो होतं, डॉ. डी. के. साहूंनी मुंबईतून सुरू केलेली प्रकाशनसंस्था. तिने भारतातल्या कितीतरी वैद्यकीय संघटनांची जर्नल्स अशीच खुली केली.

पुढे २०११ मध्ये मेडनो वॉल्टर्स क्लुवर या बड्या परदेशी कंपनीने विकत घेतलं. त्यानंतर तिथल्या बऱ्याच जर्नल्सनी लेखकांकडून पैसे घ्यायला सुरुवात केली. म्हणजे गाडा चालतो का, हा प्रश्न नाहीच. चालणारा गाडा आपल्या ताब्यात राहतो का, हा आहे.

ब्राझीलने ते जपलं. १९९८ पासून सिएलो हा खुल्या नियतकालिकांचा मंच आहे, सार्वजनिक पैशावर, पोर्तुगीज आणि स्पॅनिशमध्येसुद्धा. आपल्याकडे ६,००० कोटी वर्गणीला निघतात. त्यातला शेकड्याने एखादा हिस्सा आपल्याच नियतकालिकांच्या सर्व्हरला, संपादन करणाऱ्या दोन पोरांच्या पगाराला मिळाला तर?

---

हिशेबी | गुरुवार, सकाळी ९:३३

हा मुद्दा पटला. वॉर्ड सांभाळून केलेलं काम हा खर्चच आहे, फक्त बिल फाडलं जात नाही, एवढं नोंदवतो. माघार अर्धीच समजावी. 🙂

---

शब्दवेडी | गुरुवार, दुपारी १२:१०

सगळे इंग्रजी पेपरांचंच बोलताहेत म्हणून मध्ये पडते. मी मराठीत पीएचडी करतेय. माझे संदर्भ वाईच्या 'नवभारत'मधले, मराठी अभ्यास परिषदेच्या 'भाषा आणि जीवन'मधले, भारत इतिहास संशोधक मंडळाच्या त्रैमासिकातले. पदरमोड करून, कुणाच्या तरी घरच्या टेबलावर निघालेले हे अंक. जुना लेख हवा तर पुण्याला जाऊन बसायचं, धूळ झाडायची, फोटो काढायचे. इथे कुणी कुलूप लावलं नाही, किल्लीच तयार करायची राहिलीय.

आणि इंग्रजीत नाही म्हणून जागतिक निर्देशिकांत नाव नाही, नाव नाही म्हणून मुलाखतीत गुण नाहीत, गुण नाहीत म्हणून चांगला लेख मराठीत कुणी देत नाही. हे दुष्टचक्र परदेशी प्रकाशकाने केलेलं नाही, आपल्याच निवड समित्यांनी केलंय.

तरोटाताई, थोडं खटकेल असं विचारते. तुमचा पेपर उद्या खुला झाला तरी भाज्या दाखवणाऱ्या बायका तो वाचणार आहेत का? आणि त्यांची नावं त्यात आहेत?

---

परळचा_डॉक्टर | गुरुवार, दुपारी २:४०

शब्दवेडी, एक दुसरी बाजू. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी स्त्रियांच्या आजारांवर केलेलं काम १९८९ मध्ये आणि घरोघरच्या नवजात बाळांच्या काळजीचं काम १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय जर्नलला छापून आलं. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले हे तिथे छापलं, म्हणून दिल्ली आणि जिनिव्हाने (जागतिक आरोग्य संघटनेने) ऐकलं. इंग्रजी जर्नलची ती ताकद नाकारता येत नाही. पण त्याच मंडळींनी बालमृत्यूंचा अहवाल 'कोवळी पानगळ' या नावाने मराठीत काढला, आणि त्यावर महाराष्ट्रात गदारोळ झाला. दोन्ही दारं वाजवावी लागतात.

---

तरोटा | गुरुवार, रात्री ११:५०

शब्दवेडी, दुपारी तुमचा प्रतिसाद वाचून राग आला होता, खोटं कशाला बोलू. मग फाइल शोधायला बसले.

जुन्या याहू मेलमध्ये मिळाली, "फायनल_फायनल_३" नावाची. तक्ते विस्कटलेत, चित्रं वेगळी जोडायला लागतील. आभारात लिहिलंय, "स्थानिक आदिवासी महिलांचे सहकार्य लाभले." बस. माझ्या वहीत सतरा जणींची नावं आहेत, गावांसकट. पेपरात एकीचंही नाही.

---

तरोटा | पुढच्या सोमवारी, रात्री ८:१५

ताजी खबर देते. ग्रंथपालकाकांनी नियम बघून दिले, स्वीकृत प्रत टाकायला हरकत नाही. काल ती एका सार्वजनिक संग्रहात चढवली. खर्च शून्य. पुढच्या पेपरसाठी भारतातलीच दोन नियतकालिकं काढून ठेवलीत, कुणाकडूनच पैसे न घेणारी. आणि नावं लिहू का, हे विचारायला दिवाळीच्या सुट्टीत त्या सतरा जणींकडे जातेय. सगळ्या हयात असतील असं नाही.

पण लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने. त्या मुलीने शनिवारी प्रत घरी नेली. तिला वाचता येतं, आजीला नाही, म्हणून तिने तक्ता मोठ्याने वाचून दाखवला. कोरकू नाव, मराठी नाव, शास्त्रीय नाव, असे तीन रकाने. आज सकाळी विभागात आली, तक्त्याची प्रिंट हातात, दोन ओळींवर पेनाची खूण.

"मॅडम, आजी म्हणते, ह्या दोन भाज्यांची कोरकू नावं उलटीपालटी झालीत."

वही काढून बघितली. आजीचं बरोबर आहे. उतरवून घेताना माझीच चूक झाली होती. संपादक, दोन परीक्षक आणि मी, कुणाच्याच लक्षात आली नाही. दहा वर्षं ती तशीच ३९.९५ डॉलरला विकली जात होती.

शुद्धिपत्र कसं पाठवतात, काका?

---

जुना_ग्रंथपाल | सोमवार, रात्री ८:३२

संपादकांना मेल करा, मसुदा मी बघतो. आणि आजींचं नाव घाला त्यात.